शेजारी बसून सांगायचं

रविवारी दुपारी मी तिची नखं कापली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्यात विशेष काही नव्हतं. दर रविवारी जेवणं झाली की प्रयाग ओट्यावर येऊन बसायची आणि दोन्ही पंजे माझ्यापुढं धरायची, दुकानदारानं माल दाखवावा तशी. ब्रेल वाचणाऱ्या माणसाला नख वाढवून चालत नाही. नख वाढलं की बोटाचं टोक कागदाला नीट टेकत नाही, आणि ठिपका कळायच्या आधी नखच खरडतं. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला मी जास्त जपायचो, कारण तिचं सगळं वाचन त्या बोटावर. त्या दिवशी तिथंच जरा खोल गेलं. ती म्हणाली, "बोट राहू द्या मपलं जागेवर. दुसरं मिळायचं नाय."

मी तिच्या बोटांवर सांगितलं, "मग हलू नको, म्हातारे."

ती हसली. उन्हात बसल्या बसल्या तिनं विचारलं, वैशाली दुकानातून आली का. वैशाली म्हणजे आमची सून. मग विचारलं, संध्याकाळी पिठलं करायचं का वांगं. मी वांगं म्हणालो.

सोमवारी पहाटे ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मला तेव्हापासून उगीच वाटत राहतं की पिठलं म्हणायला पाहिजे होतं. तिला पिठलं आवडायचं.

या अंकाचे संपादक आमच्याच गल्लीत राहतात. ते म्हणाले, काका, तुमच्या कामाबद्दल लिहा. मी चौथी पास माणूस. मी म्हणालो, शुद्धलेखन तुम्ही बघणार असाल तर लिहितो. कामाबद्दल लिहायचं म्हटलं तर हिच्याबद्दलच लिहावं लागतं, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

मी आयुष्यभर ठिपके छापले. आमचं गाव अजिंठ्याकडं. तिथून पोट भरायला शहरात आलो तेव्हा गुलमंडीत लग्नपत्रिकांच्या छापखान्यात कागद उचलायला होतो. शाईनं हात कायम काळे. पुढं कोणीतरी सांगितलं, अंधांच्या एका संस्थेत छापखाना आहे, तिथं माणूस पाहिजे. मी गेलो, तर तिथं शाईच नव्हती. मला वाटलं मशीन बंद आहे. पांढरा कागद आत जात होता आणि पांढराच बाहेर येत होता.

ब्रेल म्हणजे वेगळी भाषा असं लई लोकांना वाटतं. भाषा आपलीच, मराठी. फक्त अक्षराच्या जागी उठलेले ठिपके. दोन उभ्या रांगा, एका रांगेत तीन, असे सहा ठिपके मावतील एवढं एक घर धरायचं. त्यातले कोणते उठले आणि कोणते बसले त्यावरून अक्षर ठरतं. पहिला एकटा उठला की अ. छापायचं असं, की जस्ताचा पातळ पत्रा दुमडून मशीनमध्ये घालायचा. मशीनला सहा खटके, तीन डाव्या हाताला, तीन उजव्या. अक्षराचे खटके दाबायचे आणि पायडल मारायचं, पत्र्यावर ते अक्षर उठतं. पान भरलं की दुमडलेल्या पत्र्याच्या मधे जाड कागद घालून दाबायचा. एखादा ठिपका चुकून जास्तीचा उठला तर बारक्या हातोडीनं ठोकून बसवायचा. राहून गेला असेल तर मागून खिळा लावून उठवायचा. दाबायचं आणि ठोकायचं काम माझं.

खटक्यांवर प्रयाग बसायची. ती जालन्याकडची. लहानपणी गोवरात डोळे गेले. उजेड काय असतो तेसुद्धा तिला आठवत नव्हतं. पण अंधशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, म्हणजे माझ्या दुपटीपेक्षा जास्त. संस्थेतले एक मास्तर पुस्तक वाचून सांगायचे आणि ती खटके दाबायची. पान छापून झालं की ते तपासायचं. तपासताना ती बोटानं वाचायची मोठ्यानं, आणि समोर डोळस माणूस शाईचं पुस्तक धरून बघायचा, बरोबर आलं का. एकदा माणूस कमी पडला म्हणून साहेबांनी मला बसवलं. मी एक शब्द लावेपर्यंत तिची ओळ संपलेली असायची. मग ती बोट जागेवर ठेवून थांबायची आणि विचारायची, "आले का तुम्ही?" जसं काही आम्ही रस्त्यानं चाललोय आणि मी मागं पडलोय.

त्यातच माझं ब्रेल झालं. बोटानं नाही जमलं कधी, माझी बोटं हातोडीनं निबर झालेली. मी डोळ्यानं वाचायचो, कागद उजेडाकडं तिरपा धरून. आणि त्यातच आमचं लग्नही झालं. माझी आई म्हणाली, आंधळी करतोस, भाकरी कोण थापणार. प्रयागनं तिच्यासमोर बसून भाकरी थापली. आईनं ती खाल्ली आणि त्यानंतर तो विषय काढला नाही.

आमचा मुलगा मिलिंद शाळेत जायला लागला त्या सुमारास तिचे कान जायला लागले. एकदम नाही, नळाचं पाणी कमी कमी होत जावं तसं. आधी मास्तरांना परत परत विचारायची. मग माझ्या तोंडाजवळ कान आणायची. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं, ते काही दिवस चाललं. तिला भीती वाटायची, पण ती तसं म्हणायची नाही. ती म्हणायची, "आज कबुतरं कमी हायेत का हो?" छापखान्याच्या छपरावर कबुतरं तेवढीच होती.

एक दिवस जेवायची सुट्टी झाली आणि मी तिला बोलवायला गेलो. दोनदा हाक मारली, खांद्यापाशी जाऊन मारली. ती खटक्यांवर बोटं ठेवून मास्तरांच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती. मास्तर केव्हाच उठून गेले होते, हे तिला माहीतच नव्हतं. मला ते बघवलं नाही. मी मागून वाकलो, तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली आणि दाबलं, एक एक अक्षर: जेवायला चल.

तिनं मान वर केली. म्हणाली, "हे कोण बोललं?"

मी दाबलं, "मी."

ती हातच काढेना खटक्यांवरून. म्हणाली, आणखी बोला. मी काय बोलणार, डब्यात काय आहे ते सांगितलं. त्या दुपारी आमचा डबा तसाच राहिला.

पण त्यात एक भानगड झाली. तिचा पाय पायडलवर होता, आणि सवय अशी पक्की की अक्षर दाबलं गेलं की पाय आपोआप मारायचा. पत्रा आत होता. भूगोलाचं पुस्तक चाललं होतं, नदीचा धडा. पुढं दोन दिवस ती तापानं घरी, तपासणीला दुसराच माणूस, ते पान तसंच छापून गेलं. काही महिन्यांनी कुठल्या तरी गावच्या शाळेतून साहेबांना फोन आला. गुरुजी विचारत होते, धड्यात नदी डोंगरावरून खाली उतरते, मग "जेवायला चल" असं आहे, मग शेवग्याच्या शेंगांची आमटी आहे, हे मुलांकडून पाठ करून घ्यायचं का. काही मुलांनी केलंही होतं म्हणे. साहेबांनी आम्हा दोघांना उभं केलं आणि लई बोलले. प्रयागला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी तिच्या बोटांवर थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "साहेब, ठिपके ठोकून बसवता येतील. पण वाक्य खोटं नव्हतं, सुट्टी झालीच होती." साहेब तोंड फिरवून हसले, ते मी पाहिलं आणि तिला सांगितलं.

खटक्यांचं काम मात्र सुटलं. मास्तरांचं ऐकू येत नाही म्हटल्यावर पत्रे कसे करणार. तपासणी राहिली, कारण वाचायला कान लागत नाहीत. ती मोठ्यानं वाचायची, मी पुस्तकात बघायचो, चूक सापडली की तिचे हात कागदावरून उचलून बोटांवर सांगायचो. आमच्या दोघांची नोकरी संपेपर्यंत हे चाललं.

ही बोलायची रीत समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डाव्या हाताची तीन बोटं म्हणजे पहिली रांग, उजव्या हाताची तीन म्हणजे दुसरी. अंगठे आणि करंगळ्या रिकाम्या. जे अक्षर असेल त्याची बोटं वरून दाबायची. पण समोर बसून हे जमत नाही. समोर बसलं की माझा डावा हात तिच्या उजव्यावर येतो आणि अक्षर उलटं पडतं. म्हणून शेजारी बसायचं, जरा मागं सरकून, एक हात तिच्या पाठीमागून पलीकडं नेऊन. लग्नाकार्यात लोक बघायचे. म्हातारा म्हातारीला कवेत घेऊन बसलाय. मी त्यांना सांगत होतो फक्त एवढंच की नवरदेव घामाघूम झालाय आणि जिलेबी संपत आलीय. म्हणजे त्यांना नाही, तिला सांगत होतो.

तिला मी सगळं सांगायचो. पाहुणा आला, पिवळा शर्ट घातलाय, कर्जाऊ मागायला आलाय असं दिसतं. ती तोंडानं बोलायची, मी बोटांवर. आता स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हटल्यावर तो किती चढलाय हे माणसाला कसं कळणार? शहागंजच्या बाजारात भर गर्दीत ती म्हणायची, ह्यांना उघडी चप्पल दाखवा, ह्यांचे पाय घामेजतात. मी दाबायचो, "हळू." ती आणखी मोठ्यानं विचारायची, "हळू कशाला?" आख्खं दुकान माझ्या पायांकडं बघायचं. तेव्हा मला राग यायचा. आता त्या रस्त्यानं जातो आणि कोणी काही बोलत नाही.

आता ते सांगतो ज्यामुळं पुढं बरेच दिवस मला झोप लागायची नाही. आमची दोघांची बोली फक्त मला येत होती. मिलिंदला चार-दोन अक्षरं यायची. मला कधी वाटलंच नाही की मी नसलो तर काय.

त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आमच्याकडं पाणी येतं तो दिवस सणासारखा, सगळी भांडी बाहेर. ड्रम भरता भरता माझ्या छातीत कळ आली आणि मी खाली बसलो तो उठलोच नाही. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. मिलिंद बरोबर आला. पुढचं मी पाहिलेलं नाही, वैशालीनं नंतर सांगितलं.

प्रयाग आत पीठ मळत होती. तिनं आवाज दिला, भरलं का पाणी? नंतर परत दिला. मग हात धुवून भिंतीला धरून बाहेर आली. नळ तसाच वाहत होता आणि तिचे पाय ओले झाले. मी पाणी कधी वाया घालवत नाही. तिथंच तिला कळलं की काहीतरी झालंय.

बायका जमल्या. आपल्याकडं माणसं चांगली असतात, पण चांगल्या माणसानं करायचं काय? कोणी तिचा हात हातात घेतला, कोणी पाठीवरून हात फिरवला. घाबरू नका, ते बरे आहेत, असं सगळ्या तोंडानं म्हणत होत्या. तिला तोंड दिसत नव्हतं की शब्द ऐकू येत नव्हता. तिच्यापर्यंत पोचत होता तो पाठीवरचा हात. आणि पाठीवरून असा हात आपल्यात कुठं फिरवतात? मयताच्या घरी. तिनं मोठ्यानं विचारलं, "गेले का हो?" सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. शेजारच्या एका शिकलेल्या पोरीनं तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढली. पण प्रयागनं शाईचं अक्षर जन्मात पाहिलेलं नाही. तिला ते नुसतं खाजवल्यासारखं. आणि जितकी ती विचारायची तितका पाठीवरचा हात वाढायचा.

मग ती विचारायची थांबली. दुसऱ्या दिवशी तिनं हातातल्या बांगड्या काढल्या. फोडल्या नाहीत, एक एक करून काढल्या आणि वैशालीच्या हातात दिल्या. वैशालीनं परत चढवल्या. तिनं परत काढल्या. वैशाली म्हणते, मामा, मला तेव्हा कळलं की आत्या कालपासून मयताच्या घरी बसल्यात. आणि मी घरात असून त्यांच्यापाशी नाही.

वैशालीनं कपाट उपसलं. त्यात संस्थेनं डोळस लोकांसाठी छापलेला एक तक्ता होता, कोणत्या अक्षराला कोणते ठिपके ते दाखवणारा. तिनं एक जुनी लग्नपत्रिका घेतली, उशीवर ठेवली आणि गोधडीच्या सुईनं तक्त्यात बघून ठिपके टोचले: मामा आहेत, दवाखान्यात. आणि प्रयागचं बोट नेऊन त्यावर ठेवलं.

आता यात एक गोम आहे. हातानं ब्रेल टोचताना उजवीकडून डावीकडं आणि उलटं टोचायचं असतं, कारण ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो. संस्थेच्या शाळेत नवीन पोरं पहिले कित्येक दिवस हीच चूक करतात. वैशालीनं तक्त्यात दिसलं तसंच सरळ टोचलं होतं. उठलेल्या बाजूनं सगळं उलटं. प्रयागचं बोट एक ओळ गेलं, मागं आलं, परत गेलं. ती कपाळाला आठ्या घालून बसली. मग तिनं पत्रिका पालथी केली आणि सुईच्या भोकांवरून बोट फिरवलं, खड्ड्यांवरून. आयुष्य गेलेलं तिचं तपासणीत.

ती म्हणाली, "उलटं टोचलंस, वैशाली." मग म्हणाली, "कोणत्या दवाखान्यात?" आणि बांगड्यांसाठी हात पुढं केला.

मग ती रडली म्हणे. ते रडणं मी बघितलं नाही. मला ते बघायचं होतं असंही नाही, पण तिच्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट मी तिथं नसताना झाली.

तिला माझ्याकडं आणलं तेव्हा माझ्या उजव्या हाताला सलाईन. डाव्या हातानं मी तिच्या डाव्या हाताची तीन बोटं दाबली. म्हणजे प्रत्येक अक्षराची अर्धीच बाजू. ती म्हणाली, "अर्धंच बोलताय. अर्ध्यात ठेवून जाणार होता का?"

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, मपल्या बोटांवर बोलायला सगळ्यांनी शिकायचं, ह्यांच्या एकट्याच्या भरवशावर मी राहायची नाय. वैशाली महिनाभरात माझ्यापेक्षा जलद झाली. मिलिंद अजून अडखळतो. शेजारणीला चहा आणि ये एवढं येतं. भाजीवाला मेथी शिकला, आणि मेथी नसली तरी मेथीच दाबायचा. सासू-सुना ओट्यावर बसून तासन्‌तास बोलायच्या, प्रयाग हसायची, आणि मला कळायचं नाही की वैशाली काय बोलली. मला ते जरा जड गेलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं तिचं हसू माझ्याकडूनच यायचं. पण मला रात्रीची झोप लागायला लागली.

संस्थेत पुढं एक पट्टी आली, फोनला जोडायची. फोनवर जे लिहून येईल त्याचे ठिपके त्या पट्टीवर वरखाली होतात. आम्ही गेलो की प्रयाग तिच्यावर पेपर वाचायची. आतापर्यंत जगाच्या बातम्या मी निवडून सांगायचो, पहिल्या दिवशी परतताना रिक्षात तिनं मला सांगितल्या. निवडणुकीवरून आमचं भांडण झालं. मला त्या भांडणाचा लई आनंद झाला.

वैशाली गुलमंडीत साड्यांच्या दुकानात आहे. तिथं एका गिऱ्हाईक बाईकडून तिला कळलं, शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत एक शिंपी आहेत, रज्जाकभाई. कान तरुणपणीच गेलेले, आणि आता डोळेही. घरात ते आणि त्यांची बायको जुबेदाभाभी. भाभींना अक्षर येत नाही. दंडाला धरून जेवायला बसवायचं, दंडाला धरून उठवायचं, एवढंच बोलणं. हे ऐकल्यावर प्रयाग म्हणाली, मला तिथं न्या.

पहिल्या वेळी मी त्यांच्या तळहातावर बोटानं 'सीखो' असं काढलं, तर रज्जाकभाईंनी आम्हाला हाकलून दिलं. म्हणाले, "इस उमर में काइकू मेरेकू इस्कूल में डाल्रे?" दुसऱ्या वेळी प्रयाग एक कापडाची पट्टी घेऊन गेली. तिच्यावर तिनं सहा गुंड्या शिवल्या होत्या, तीन आणि तीन. शिंप्याच्या हातात गुंडी आली की तो ती चाचपणारच. ते चाचपत राहिले. म्हणाले, हा कोट कुणाचा? तिथून सुरुवात झाली. त्यांना थोडं हिंदी वाचता यायचं, डोळे होते तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत. मी त्यांच्या तळहातावर हिंदीचं अक्षर काढायचो, ते कोणतं ते प्रयागला सांगायचो, आणि ती तेच त्यांच्या बोटांवर दाबायची. हिंदी-मराठीला ठिपके तेच, त्यामुळं अडलं नाही. दर मंगळवारी आम्ही जायचो. ते शिव्या द्यायचे, थकायचे, परत पंजे पुढं करायचे.

अक्षरं जुळायला लागली तेव्हा प्रयागनं त्यांना सांगितलं, आता तुम्ही काही विचारा. त्यांनी गुंड्यांची पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मेरे बड़े भाई आते नईं अब. काइकू?"

मी जुबेदाभाभींकडं पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. भाऊ दोनेक वर्षांपूर्वी वारला होता. यांना मय्यतीला हाताला धरून नेलंही होतं, पण कुणाची ते सांगायला कोणी नव्हतं. मी हे प्रयागच्या बोटांवर सांगितलं. तिनं ते त्यांच्या बोटांवर सांगितलं. मी तिथंच बसलो होतो, पण मला जमलं नसतं.

रज्जाकभाई म्हणाले, "मैं रोज उसकू गाली दे रहा था. वो आता नईं बोलके." मग प्रयागचे हात धरून बसले. परतताना रिक्षात मी तिच्या हाताला हात लावला नाही.

तर असा सोमवार आला. मिलिंदनं फोन केले. घर भरलं. विहारातली मंडळी आली, त्रिशरण-पंचशील झालं, तिला नेलं. दिवसभर लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. मला कोणाला काही सांगावं लागलं नाही, सगळे कळूनच आले होते. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना दारातल्या माणसांकडं बघून कळत होतं. डोळे-कान असलेल्या माणसांना मरण आपोआप समजतं.

मंगळवारी सकाळी मी अंघोळ केली आणि धुतलेला सदरा घातला. मिलिंद म्हणाला, "अण्णा, आज कुठं निघाले?" मी म्हणालो, शहागंजला. त्याला ते पटलं नाही. वैशालीला मात्र लगेच कळलं. ती म्हणाली, "मामा, मी सांगून येते त्यांना. तुम्ही बसा." मी म्हणालो, नाही, मीच जातो.

जुबेदाभाभींनी दार उघडलं. त्यांनी माझ्या मागं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि दाराची चौकट धरली. त्यांनाही सांगावं लागलं नाही.

रज्जाकभाई आत खाटेवर बसले होते. मंगळवारी ते असेच बसायचे, हात धुवून, पंजे मांडीवर उताणे नाही, पालथे, बोटं सुटी करून. मी त्यांच्या शेजारी बसलो, जरा मागं सरकलो आणि एक हात पाठीमागून पलीकडं नेला. माझी बोटं टेकली तशी त्यांनी ओळखलं.

"भाईसाब, आज आप? भाभी किधर?"

मी दाबलं, "प्रयाग." एवढं झालं आणि माझी बोटं थांबली. पुढचा शब्द मी अजून कुणापुढं उच्चारला नव्हता, मिलिंदपुढंही नाही. रज्जाकभाई वाट बघत राहिले.

"हौ, प्रयाग भाभी. आगे बोलो."

मी दाबलं, "नहीं रही." त्यांनी विचारलं नाही पण मी पुढं दाबलं, "कल सुबह."

त्यांची बोटं माझ्या बोटांखाली थंड पडत गेलेली मला कळत होती. मग म्हणाले, "फिर से बोलो."

त्यांना कळलं होतं. तरी मी परत सांगितलं, पहिल्या अक्षरापासून, सावकाश.